टॉर्च, मऊ ब्रश आणि न बोललेली किळस

सकाळी आठच्या सुमारास आचोळे रोडवर दोन प्रकारच्या बायका समोरासमोर येतात. एक, मुंबईतल्या रुग्णालयाची रात्रपाळी संपवून नालासोपारा स्टेशनवरून घरी परतणाऱ्या सिस्टर. डोळे चुरचुरणारे, पर्समध्ये ओळखपत्र, हातात वाटेत घेतलेली भाजी. दुसऱ्या, ब्युरोच्या मावश्या. कुणाच्या तरी घरी अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची बारा तासांची ड्युटी धरायला निघालेल्या. शिक्षण वेगळे, पगार वेगळा, युनिफॉर्म वेगळा. एक काम मात्र दोघींच्या वाट्याला सारखेच येते आणि त्याबद्दल दोघीही घरी गेल्यावर चकार शब्द काढत नाहीत. ते म्हणजे दुसऱ्याचे तोंड साफ करणे.

कुणाचा बीपी पडला आणि तो कसा सावरला, कोणाची शीर मिळत नव्हती आणि शेवटी कशी मिळाली, हे घरच्यांना सांगता येते. एखाद्याच्या टाळूवरची वाळलेली खपली अर्धा तास खपून सोडवली, ही जेवताना सांगायची गोष्ट नव्हे. बेडपॅनवरून सिस्टर आपापसात विनोद तरी करतात, तोंडावरून तेही होत नाहीत. आणि जे बोलले जात नाही ते हळूहळू टाळले जाऊ लागते.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला माऊथ केअरचा ट्रे प्रत्येकीला तोंडपाठ असतो. किडनी ट्रे, आर्टरी फोर्सेप, गॉजचे तुकडे, मॅकिन्टॉश, टॉवेल, ओठांना लावायचे काहीतरी. प्रॅक्टिकलला परीक्षक विचारतात, विद्यार्थिनी धडाधडा सांगते, मार्क मिळतात. वॉर्डात आल्यावर मात्र हे काम उतरंडीवरून खाली घरंगळते. स्टाफ सिस्टर ते विद्यार्थिनीवर सोडते, विद्यार्थिनी नसली की मावशीवर, मावशी दुसऱ्या खाटेवर गुंतली असेल तर नातेवाइकांवर. नातेवाईक म्हणतात, ‘ते काही खातच नाहीत, तोंड कशाला धुवायचं?’ आणि साखळी तिथे संपते.

यात दोष एकट्या सिस्टरचा नाही. सरकारी वॉर्डात रात्रपाळीला एकीवर तीसेक रुग्ण असणे आपल्याकडे कुणालाच नवलाचे वाटत नाही. पण वेळ कमी हे कारण अर्धेच खरे आहे. त्याच रात्रीत त्याच सिस्टर पाठ बदलून देतात, चादर बदलतात, लघवीची पिशवी रिकामी करतात. तोंड मागे पडते त्याचे कारण भावनांमध्ये शोधावे लागते.

युरोपातल्या 59 अतिदक्षता विभागांतील परिचारिकांची पाहणी 2007 साली प्रसिद्ध झाली होती. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे तोंड साफ ठेवणे हे महत्त्वाचे काम आहे, असे 88 टक्के जणींनी सांगितले. त्याच पाहणीत 68 टक्क्यांनी ते अवघड असल्याचे म्हटले आणि 32 टक्क्यांना ते अवघड तर वाटतच होते, शिवाय नकोसेही वाटत होते. सगळ्यात बोलका आकडा पुढचा आहे. कितीही केले तरी रुग्णाचे तोंड दिवसेंदिवस बिघडतच जाते, असे 37 टक्क्यांना वाटत होते. म्हणजे महत्त्व पटलेले, हात धजत नाही, आणि हात घातला तरी उपयोग होईल यावर भरवसा नाही. तिथे भरपूर साधने आणि बऱ्यापैकी मनुष्यबळ असतानाची ही अवस्था. मात्र त्याच पाहणीत 93 टक्के जणींना या कामाबद्दल आणखी शिकायचे होते.

आपल्याकडे या नकोसेपणाला आणखी एक पदर आहे आणि तो पाठ्यपुस्तकात सापडत नाही. तो म्हणजे ‘उष्टे’. मराठी घरात हा शब्द मूल फार लवकर शिकते. बाळाच्या पहिल्या घासाचा समारंभसुद्धा उष्टावण म्हणून होतो आणि पुढे लगेच धडे सुरू होतात: दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावू नये, चाखलेला चमचा पातेल्यात घालू नये, थुंकी लागली की हात धुवावेत. आईला बाळाचे उष्टे चालते, कारण ते आपले असते. अशा घरात अठरा वर्षे वाढलेल्या मुलीला एके दिवशी सांगितले जाते की परक्या माणसाच्या तोंडात हात घाल. तिच्या पोटात कालवले तर त्यात तिची नाळ सेवेशी जुळलेली नाही असे काहीच सिद्ध होत नाही. ती फक्त आपल्या घरात वाढलेली आहे.

बाबा आमट्यांची गोष्ट इथे आठवते. वरोऱ्याला भंगीकाम करण्याचा अनुभव असलेला हा धट्टाकट्टा माणूस पावसात पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरुग्णाला पाहून आधी पळाला होता. ते पळणे त्यांनी लपवले नाही, जाहीरपणे सांगितले. मग ते परत फिरले, कुष्ठरोगावरच्या उपचारांचे रीतसर शिक्षण घ्यायला कलकत्त्याला गेले, आणि पुढे आनंदवन उभे राहिले. ही गोष्ट धैर्याची म्हणून सांगितली जाते. नर्सिंगच्या वर्गात ती किळसेची म्हणून सांगायला हवी. आधी भीती कबूल केली, मग तंत्र शिकले, हा तिचा क्रम आहे.

म्हणून इन्चार्ज सिस्टरसाठी पहिली सूचना अशी: नव्या मुलीने नाक मुरडले तर ‘मग नर्सिंगला कशाला आलीस?’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नये. ते ऐकलेली मुलगी किळस सोडत नाही, ती लपवायला शिकते. चार्टवर ‘माऊथ केअर गिव्हन’ असे लिहून मोकळी होते. त्याऐवजी तिला विचारावे, नेमके काय सहन होत नाही? वास, चिकट बेडका, रक्त, की रुग्ण चावेल ही भीती? प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. पहिल्या चार-पाच वेळा तिला जाणत्या सिस्टरसोबत जोडीने पाठवावे. एकीने टॉर्च धरावा, दुसरीने ब्रश. किळस सवयीने ओसरते, पण सवय व्हायला आधी नीट बघावे लागते. तोंड फिरवून केलेल्या कामाची सवय होत नाही.

काही बारक्या गोष्टी उपयोगी पडतात. हे काम स्वतःच्या डब्याच्या अगदी आधी ठेवू नये. मास्क तर हवाच, चूळ उडण्याचा संभव असेल तर चष्मा किंवा फेसशील्डही. मास्क लावल्यामुळे आपला चेहरा झाकला, असे मात्र समजू नये. खाटेवरच्या माणसाला सिस्टरचे फक्त डोळेच दिसत असतात आणि तो तेच वाचत असतो. आपल्या तोंडाला वास येतोय हे त्याला बहुतेक वेळा ठाऊक असते. त्याची लाज सिस्टरच्या किळसेपेक्षा लहान नसते.

वासाकडे लक्षण म्हणून पाहिले की त्याचा त्रास निम्मा होतो. वास का येतोय? टाळूवर खपली आहे, गालात अन्न अडकून राहिले आहे, जिभेवर पांढरी बुरशी आहे, हिरड्यातून पू येतोय, की कवळी चार दिवसांत निघालेलीच नाही? शोधायला लागले की नाक आपोआप मागे पडते, डोळे पुढे येतात. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 2021 साली, महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने थैमान घातले तेव्हा या बघण्याची किंमत सगळ्यांना कळली. मधुमेह असलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांच्या टाळूवर काळा डाग पडे, धडधाकट दात हलायला लागत. टॉर्च मारून तोंडात बघणाऱ्याला तो डाग लवकर दिसे. ज्याच्या तोंडात कुणी पाहिलेच नाही, त्याचा डोळा सुजल्यावर धावाधाव होई.

आता ‘खातच नाहीत तर तोंड कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर. रायल्स ट्यूबवर, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीवर, असलेल्या माणसाचे तोंड जास्तच घाण होते. आपण चावतो, गिळतो, बोलतो तेव्हा लाळ सुटते आणि तोंड दिवसभर आपोआप धुतले जात असते. नळीने जेवणाऱ्याचे हे सगळे बंद पडते. त्यात तो तोंडाने श्वास घेत असेल, ऑक्सिजन चालू असेल, लाळ आटवणारी औषधे असतील, तर एका रात्रीत जीभ करवंटीसारखी होते. गंभीर आजारात तोंडातल्या जंतूंची वस्तीही दोनेक दिवसांत बदलू लागते. गिळण्याची ताकद गेलेल्या माणसाच्या घशातून हीच जंतूंनी भरलेली लाळ थेंबाथेंबाने छातीत उतरते. न्यूमोनियाची एक मोठी वाट तोंडातून जाते ती अशी.

जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत याची परीक्षा झाली आणि 2002 साली निष्कर्ष छापून आले. चारशेहून अधिक वृद्धांचे दोन गट केले. एका गटाचे दात प्रत्येक जेवणानंतर परिचारिका किंवा काळजीवाहक घासून देत, दंतवैद्य अधूनमधून तपासत. दुसऱ्या गटाचे नेहमीप्रमाणे चालू राहिले. दोन वर्षांत दुसऱ्या गटातल्या 19 टक्के जणांना न्यूमोनिया झाला, पहिल्या गटात 11 टक्के. ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये 2024 साली आलेल्या आढाव्यात 15 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. रोज ब्रश केल्याने रुग्णालयात होणाऱ्या न्यूमोनियाची जोखीम सुमारे एक तृतीयांशाने घटते आणि अतिदक्षता विभागातले मृत्यूही कमी होतात, असे त्यात दिसले. मोठा फायदा झाला तो व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना. महागड्या अँटिबायोटिकला असा निकाल मिळाला असता तर कंपनीचा माणूस रोज वॉर्डात चकरा मारत राहिला असता. वीस-तीस रुपयांच्या ब्रशसाठी कोण येणार?

इथे एक जुनी सवयही तपासून पाहण्यासारखी आहे. अनेक ठिकाणी माऊथ केअर म्हणजे क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकात बुडवलेला गॉज तोंडातून फिरवणे. दातावरचा चिकट थर नुसत्या औषधाने निघत नाही, तो घासावाच लागतो. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी तर व्हेंटिलेटरच्या रुग्णांसाठी दात घासणे आवश्यक यादीत ठेवले आणि क्लोरहेक्सिडिनचा सरसकट वापर टाळायला सांगितला. डॉक्टरांनी लिहून दिले असेल तर ते जरूर वापरावे, पण ब्रशच्या बदली नव्हे. बोरॅक्स-ग्लिसरीन आणि लिंबू-ग्लिसरीनचे बोळेही आता निवृत्त करावेत. ग्लिसरीन क्षणभर ओलावा दिल्यासारखे करते आणि नंतर तोंड आणखी कोरडे पाडते. लिंबाचे आम्ल दातांना आणि सोलवटलेल्या जागेला झोंबते. बेशुद्ध माणसाच्या जिभेवर मध चोळण्याचा घरगुती प्रकारही नको.

प्रत्यक्ष काम कसे करावे, ते अर्धांगवायूच्या एका रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून पाहू. माणूस अर्धवट शुद्धीत, तोंड उघडे, ओठांना भेगा, टाळूवर तपकिरी खपली. पहिली चूक इथेच होते. फोर्सेपमध्ये गॉज धरून ती खपली ओरबाडली जाते, खालून रक्त येते, रुग्ण तोंड घट्ट मिटतो आणि दुसऱ्या दिवसापासून सिस्टर दिसली की मान फिरवतो. खपली ओढायची नसते, भिजवायची असते.

खाटेचे डोके 30 ते 45 अंश वर. बेशुद्ध असेल तर कुशीवर, तोंड सिस्टरच्या बाजूला, गालाखाली टॉवेल आणि किडनी ट्रे, सक्शन हाताशी आणि सुरू करून पाहिलेले. हात धुऊन ग्लोव्ह्ज. रुग्णाला ऐकू येतेय असे धरून सांगावे, ‘काका, तोंड ओलं करतेय, गार लागेल.’ आधी ओठ ओले करावेत, कारण कोरडे ओठ ताणले की फाटतात. मग पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजवून चांगला पिळलेला गॉज खपलीवर टेकवावा, उचलावा, पुन्हा टेकवावा. तोंडात वापरायची पाण्यावर आधारलेली जेल मिळाली तर तिचा पातळ हात द्यावा. पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत; तेवढ्यात शेजारच्या खाटेचे टेम्परेचर घेऊन होते. परत आल्यावर कडेची खपली सुटलेली दिसते. सुटली तेवढीच काढावी. उरलेली दुपारी, त्यातून उरली तर रात्री. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खालची गुलाबी टाळू दिसते. ज्यांना हे काम व्यर्थ वाटते त्यांनी ती गुलाबी जागा एकदा पाहावी.

मग ब्रश. लहान मुलांचा, छोट्या डोक्याचा, अगदी मऊ. तो पाण्यात बुडवून झटकून घ्यावा. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात पाणी ओतायचे नसते, एक चमचाही नाही. शुद्धीवर असून चूळ थुंकता येते त्याला वाटाण्याएवढी पेस्ट, बेशुद्धाला फेस होणारी पेस्ट नकोच. दात आणि हिरडी भेटतात त्या रेषेवर ब्रश तिरका धरून हळू फिरवावा, आतून, बाहेरून, चावण्याच्या बाजूने, आणि सोबत सक्शन चालू. शेवटी जीभ, मागून पुढे, फार मागे न जाता. अर्धांगवायूत लुळ्या बाजूच्या गालात घास तसाच राहतो, तिथे टॉर्च मारायला विसरू नये. बोट दातांच्या मध्ये कधीही घालू नये. दिवसातून दोनदा ब्रश, मधल्या वेळेत दर दोन ते चार तासांनी ओलावा. ओठांना पातळ मलम ठीक, पण ऑक्सिजन चालू असेल तर व्हॅसलीनसारखे तेलकट काही न लावता पाण्यावर आधारलेलेच लावावे. ब्रश धुऊन उभा वाळवावा, ओला पिशवीत कोंबू नये.

एकदा हात बसला की खपली नसलेल्या तोंडाला पाचेक मिनिटे लागतात.

प्लेटलेट्स उतरलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण आले की हिरड्यांतून रक्त येताना दिसते. तिथे डॉक्टरांना विचारून मऊ बोळ्यानेच काम भागवावे. घशा-तोंडाला रेडिएशन घेतलेल्या कर्करुग्णाचे तोंड आतून सोललेले असते, त्याला अल्कोहोलयुक्त माउथवॉश म्हणजे छळ. एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ, याच्या गुळण्या दिवसातून अनेकदा करवून घ्याव्यात. त्यात दुसरे काही मिसळायची गरज नाही.

मशेरी आणि तंबाखू हा आपल्याकडचा खास अध्याय. राज्यात गुटखाबंदी 2012 साली आली, पण म्हणून तोंडे स्वच्छ झाली नाहीत. मशेरीने काळे पडलेले दात, सुपारीने आखडलेला जबडा, दोन बोटेही आत जाणार नाहीत एवढेच उघडणारे तोंड. अशा रुग्णाबद्दल सिस्टरच्या मनात किळसेबरोबर रागही येतो, ‘स्वतःच्या हातानं केलंय’ असा. तो राग हाताला कळतो आणि ब्रश जोरात फिरतो. जबडा उघडत नसेल तर लहान ब्रशने बाहेरच्या बाजू घासाव्यात, आतल्या बाजूसाठी गुळण्या, आणि दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला की डॉक्टरांना दाखवावा. व्यसनावरचे प्रवचन डिस्चार्जच्या दिवशी. तोंड उघडून पडलेल्या माणसाला उपदेश ऐकवणे वाईट, कारण त्याला उत्तर देता येत नाही.

तोंड आणि परिचारिका यांच्या नात्याचा विचार करताना परळचे केईएम रुग्णालय डोळ्यांपुढे येणे अटळ आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी झालेल्या हल्ल्यानंतर अरुणा शानबाग ही तिथलीच परिचारिका जवळपास 42 वर्षे तिथल्याच वॉर्ड क्रमांक 4 लगतच्या खोलीत होती. तिच्या दयामरणासाठी पिंकी विराणी यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी निकाल दिला, तेव्हा न्यायमूर्तींनी केईएमच्या सिस्टरांचे मनापासून कौतुक केले. इतक्या वर्षांत तिला बेडसोर होऊ दिला नाही, ही गोष्ट देशभर गाजली. सप्टेंबर 2010 पर्यंत तिला नळीने नव्हे, तोंडाने भरवले जात होते; नंतर ताप आला आणि रायल्स ट्यूब घालावी लागली. मासे तिला आवडतात, मांसाहारी काही दिले की चेहऱ्यावर पसंती दिसते, असे सिस्टर सांगत. जिला बोलता येत नव्हते तिच्या आवडीनिवडी सिस्टरांनी तिच्या तोंडावरून वाचल्या होत्या. तिच्या दयामरणाला त्यांनी जो विरोध केला, तो याच जवळिकीतून.

त्याच याचिकेत तिचे दात किडल्याचा आणि त्यामुळे तिला वेदना होत असल्याचाही उल्लेख होता. हे दूषण म्हणून सांगायचे नाही. बोलू न शकणाऱ्या, तोंड आपणहून न उघडणाऱ्या माणसाचे दात चार दशके टिकवणे किती कठीण असेल, हे ज्याने एकदा प्रयत्न केला आहे त्याला कळते. सांगायचे ते असे की पाठीची जखम सगळ्यांना दिसते, वॉर्डाची अब्रू तिच्यावर ठरते, तिची गणती होते. तोंड मिटलेले असते. इतक्या मायेच्या सेवेतही पाठ आणि तोंड यांच्या वाट्याला वेगळे नशीब येऊ शकते, मग घाईगर्दीच्या वॉर्डात काय होत असेल? अरुणा शानबाग 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने गेली.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांकडे आता वळू, कारण आचोळ्यासारख्या वस्तीत ब्युरोच्या मावश्यांना सगळ्यात जास्त धास्ती त्यांचीच असते. आजी चावतात, हात झटकतात, शिव्या देतात. आजींच्या बाजूने पाहिले तर कुणीतरी अनोळखी बाई मागून येऊन तोंडात काठी घालते आहे. समोरून यावे, डोळ्यांच्या उंचीला बसावे, नाव घेऊन बोलावे. ‘आ कर गं बाळा’ असे बोबडे बोलणे टाळावे. ज्या बाईने आयुष्यभर घर चालवले तिला ते अपमानाचे वाटते आणि तोंड मिटते. ‘अहो आजी’, ‘तुम्ही’ यानेच निम्मे काम होते. नालासोपाऱ्यात खाटेवरच्या आजी उत्तर प्रदेशातल्याही असू शकतात. त्यांना ‘चूळ भरा’ समजत नाही, ‘अम्मा, कुल्ला करना है’ समजते. ब्रश त्यांच्याच हातात द्यावा, त्यावर आपला हात ठेवून फिरवावा. हाताला साठ वर्षांची सवय असते, डोके विसरले तरी हात विसरत नाही. त्यांनी ब्रशवर दात आवळले तर खेचू नये, थांबावे, गालावरून हात फिरवावा. जबडा सैल होतो. आज नाहीच जमले तर तासाभराने पुन्हा. रागावून जिंकलेली सकाळ पुढचे आठ दिवस बिघडवते.

कवळीचा विषय घरोघरी निघतो. कवळी रात्री काढून ठेवायची असते. जपानमध्ये 85 वर्षांपुढच्या 524 वृद्धांच्या अभ्यासात, कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले होते. ती धुताना बेसिनमध्ये टॉवेल अंथरावा, म्हणजे हातून सटकली तरी फुटणार नाही. साधा साबण आणि ब्रश पुरतो, गरम पाणी नको, रात्रभर साध्या पाण्यात. आणि रुग्णालयात कवळी कागदात गुंडाळून उशाशी ठेवली की ती चादरीबरोबर लाँड्रीत जाते, हे सगळ्या वॉर्डांना माहीत आहे. नाव लिहिलेला झाकणाचा डबा हवा.

इन्चार्ज सिस्टरच्या हातात आणखी दोन गोष्टी आहेत. भरती होताना नातेवाइकांना चिठ्ठी दिली जाते: साबण, टॉवेल, डायपर, पाण्याची बाटली. त्यात मऊ ब्रश, लहान पेस्ट आणि कवळीचा डबा या तीन वस्तू वाढवाव्यात. ब्रशच नसेल तर सिस्टरची भावना कितीही उदात्त असली तरी ती काय करणार? दुसरी गोष्ट हँडओव्हर. ‘माऊथ केअर झाले’ याऐवजी काय दिसले ते सांगावे: जिभेवर पांढरा थर, खालची उजवी दाढ हलते, टाळूची खपली निम्मी निघाली. पुढच्या पाळीला ते पुढे न्यावेसे वाटते. हलणारा दात घशात जाण्याआधी दंतवैद्याला कळवावा. चालता-फिरता येणाऱ्या रुग्णासाठी मुंबई सेंट्रलचे नायर दंत रुग्णालय लोकलच्या टप्प्यात आहे.

घरी मावशी ठेवणाऱ्या कुटुंबांसाठीही एक शब्द. डायपर बदलला का, जेवण किती गेले, हे रोज विचारले जाते. तोंडाचे कुणी विचारत नाही आणि मावशीलाही ते कुणी शिकवलेले नसते. घरातल्या एकाने पहिल्या दिवशी तिच्यासोबत उभे राहून ते करून पाहावे. ग्लोव्ह्ज आणि मास्क मागायला तिला लाज वाटू नये अशा बेताने डबा समोर ठेवावा. नालासोपाऱ्यात पाण्याची ओढाताण सगळ्यांना ठाऊक आहे, पण या कामाला एक पेला पाणी लागते.

आणि आज रात्री ड्युटीला निघणाऱ्या सिस्टरांनी एवढे करावे: पर्समधला टॉर्च लागतो का पाहावा, नाही तर स्टेशनबाहेर दोन सेल घ्यावेत. वॉर्डात गेल्यावर जो रुग्ण सर्वांत जास्त दिवस तोंडाने जेवलेला नाही, त्याच्यापासून सुरुवात करावी.